मुळं शोधणारी मुलं : ऐंशीच्या दशकातलं अमेरिकन कॉलेज रॉक



आजच्या विषयात दोन शब्द आहेत आणि दोन्ही जरा फसवे आहेत. एक 'कॉलेज रॉक' आणि दुसरा 'रूट्स', म्हणजे मुळं. कॉलेज रॉक म्हटलं की वाटतं, कॉलेजातल्या मुलांनी गॅदरिंगला वाजवलेलं संगीत. ते तसं नाही. आणि मुळं म्हटलं की वाटतं, जे आजी-आजोबांकडून, घरातून, गावातून आपोआप आपल्यापर्यंत आलं ते. बऱ्याचदा तेही तसं नसतं.

आज आपण १९८० ते १९९० या दहा वर्षांतले काही अमेरिकन बँड पाहणार आहोत. हे रॉक वाजवणारे होते, पण त्यांच्या वाजवण्यात कंट्री, ब्लूज, गॉस्पेल, मेक्सिकन लोकसंगीत अशी जुनी अमेरिका डोकावत होती. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. या मंडळींना मुळं वारशाने मिळाली नव्हती. त्यांनी ती शोधली आणि बसून शिकून घेतली. हे शक्य झालं ते दोन अगदी साध्या जागांमुळे : जुन्या रेकॉर्ड विकणारं दुकान आणि विद्यापीठाचं छोटंसं रेडिओ केंद्र. यातली दुसरी जागा गेल्या काही वर्षांत हातातून निसटते आहे. म्हणून हा विषय आज काढायचा.

कॉलेज रेडिओ चालायचा कसा?

आधी रेडिओ समजून घेऊ, कारण या संगीताला नावच त्याच्यावरून पडलं. अमेरिकेत एफएम पट्ट्याचा खालचा भाग, म्हणजे साधारण ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ, बिगरव्यावसायिक केंद्रांसाठी राखलेला आहे. १९४८ पासून तिथल्या सरकारी दळणवळण आयोगाने शिक्षणसंस्थांना अवघ्या १० वॅटची केंद्रं चालवायला परवानगी दिली. १० वॅट म्हणजे आपल्या घरातल्या एका एलईडी दिव्याइतकी वीज. तेवढ्यात कॉलेजचं आवार आणि आसपासचा थोडा भाग ऐकू शकायचा. १९७८ मध्ये आयोगाने धोरण बदललं. १० वॅटचे नवे परवाने थांबवले आणि जुन्या केंद्रांना सांगितलं, की ताकद किमान १०० वॅटपर्यंत वाढवा, नाहीतर तुमच्या जागेला संरक्षण राहणार नाही. अनेक केंद्रांनी ती वाढवली. म्हणजे ऐंशीचं दशक उजाडताना ही केंद्रं आवाराबाहेर, गावात ऐकू जाण्याजोगी झाली होती.

आता मुद्दा असा की इथे गाणी निवडायचं कोण? व्यावसायिक केंद्रावर यादी वरून ठरून यायची. सल्लागार असायचे, श्रोत्यांच्या चाचण्या असायच्या, तीच ती गाणी दिवसभर फिरायची. कॉलेजच्या केंद्रावर निवेदक म्हणजे एखादा एकोणीस-वीस वर्षांचा विद्यार्थी. पगार नाही, जाहिराती नाहीत, रात्री दोन ते चारची पाळी. कपाटात हजारो रेकॉर्ड पडलेल्या. हवं ते काढायचं आणि लावायचं. नवा पंक बँड, त्याच्यामागे १९५० मधला ब्लूज, त्याच्यामागे डोंगरी भागातलं बँजोचं गाणं. शेजारी शेजारी ठेवल्यावर कानाला नाती ऐकू यायला लागतात. या सगळ्या गोष्टीचं बीज आमच्या मते तिथे आहे.

१९७८ मध्येच 'सीएमजे' नावाचं एक पत्रक सुरू झालं. देशभरातल्या कॉलेज केंद्रांवर काय वाजतंय त्याच्या याद्या गोळा करून ते छापायचं. त्यामुळे एक मोठा फरक पडला. जॉर्जियातल्या एखाद्या बँडला कळायला लागलं की आपली रेकॉर्ड ओहायोतल्या कुठल्या गावात वाजते आहे. मग जुनी व्हॅन काढायची, सामान भरायचं, त्या गावात जायचं, केंद्रावर जाऊन मुलाखत द्यायची, संध्याकाळी क्लबात वाजवायचं आणि रात्री कुणाच्या तरी घरात जमिनीवर झोपायचं. केंद्र, दुकान, क्लब आणि व्हॅन, एवढ्या चार गोष्टींवर हे जग उभं होतं.

त्या वेळी बाकी काय वाजत होतं?

१ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं. सिंथेसायझर, ड्रम मशीन, केसांची रचना आणि व्हिडिओ यांचा जमाना आला. कंट्री संगीत तर या मुळांचं हक्काचं घर. तिथेही १९८० च्या 'अर्बन काउबॉय' चित्रपटानंतर गुळगुळीत, व्हायोलिनच्या ताफ्यात बुडवलेली गाणी जोरात होती. म्हणजे ज्याला जुनं, खरखरीत कंट्री ऐकायचं होतं, त्याला कंट्री केंद्रावर ते फारसं मिळत नव्हतं.

दुसऱ्या बाजूला पंक होतं. पंकने एक फार मोठी गोष्ट सांगितली : वाजवायला पंडित असावं लागत नाही, तीन कॉर्ड आल्या की उभे राहा. पण पंकचा वेग एकदा गाठला की पुढे काय, हा प्रश्न उरतो. त्याहून वेगात वाजवणं हा एक मार्ग झाला. काही मुलांनी दुसरा धरला. त्यांच्या लक्षात आलं की तीन कॉर्डमध्ये, स्वस्त वाद्यांवर, साध्या माणसांचं जगणं सांगणारं संगीत अमेरिकेत आधीपासून आहे. हँक विल्यम्स तेच करत होता.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, घाबरू नका. जुन्या कंट्रीचा ठेका साधा असतो : धम-चक, धम-चक. 'धम'वर बास गिटार कॉर्डचा मूळ स्वर आणि पाचवा स्वर आलटून पालटून वाजवते, 'चक'वर गिटार किंवा ड्रमचा फटका. धावत्या आगगाडीची आठवण करून देणारा ठेका आहे तो. आता याचाच वेग दुप्पट करा. जे ऐकू येतं ते पंकच्या ड्रमवादनापासून फार लांब नाही. म्हणून पंक सोडून कंट्रीकडे गेलेल्या मुलांना सगळं नव्याने शिकावं लागलं नाही, हात आधीच तयार होता. चिप आणि टोनी किनमन हे दोघे भाऊ 'द डिल्स' या कॅलिफोर्नियातल्या पंक बँडमध्ये होते. तो मोडला, आणि टेक्ससमधल्या ऑस्टिनला त्यांनी 'रँक अँड फाइल' उभा केला. त्यांचा १९८२ चा 'सनडाउन' हा अल्बम ऐका, आम्ही काय म्हणतोय ते लगेच कळेल.

अथेन्स : दुकानातला विक्रेता आणि गिऱ्हाईक

आता जॉर्जिया राज्यातलं अथेन्स. विद्यापीठाचं गाव. तिथे 'वक्स्ट्री' नावाचं रेकॉर्डचं दुकान आहे. पीटर बक तिथे विक्रेता होता आणि मायकल स्टाइप गिऱ्हाईक. स्टाइप नेमक्या त्याच रेकॉर्ड उचलायचा ज्या बकला स्वतःसाठी ठेवाव्याशा वाटत. ओळख अशी झाली. माइक मिल्स आणि बिल बेरी येऊन मिळाले आणि ५ एप्रिल १९८० ला एका जुन्या, वापरात नसलेल्या चर्चमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला हे चौघे पहिल्यांदा वाजले. हा आर.ई.एम.

१९८३ चा त्यांचा 'मर्मर' हा पहिला पूर्ण अल्बम. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' जग जिंकत होता, त्या वर्षी 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'मर्मर' निवडला. बिलबोर्डच्या यादीत तो ३६ व्या क्रमांकापर्यंत पोचला होता, तोही मुख्यतः कॉलेज केंद्रांच्या आणि व्हॅनच्या जोरावर.

त्यात मुळं कुठे आहेत? वरवर पाहिलं तर कंट्रीसारखं काहीच नाही. बक कॉर्ड एकदम न झोडपता एकेक तार सुटी छेडतो. ही सवय साठच्या दशकातल्या 'द बर्ड्स'ची, आणि त्यामागे लोकगीतांच्या गिटारवादनाची. लांबलचक सोलो नाहीत. बास गिटार नुसता आधार न देता स्वतःची चाल गाते. स्टाइपचा आवाज वाद्यांमध्ये अर्धा बुडालेला, शब्द धड लागत नाहीत, आणि मागून मिल्स भलतंच काहीतरी गात असतो. ओसरीवर दोन-तीन माणसं एकाच वेळी बोलत असावीत आणि आपण रस्त्यावरून जाताना ऐकावं, तसं काहीसं.

पण खरं मूळ आहे ते जागेत. 'मर्मर'च्या मुखपृष्ठावर कुडझूची वेल आहे. ही वेल मूळची जपानची, १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनातून अमेरिकेत आली, आणि पुढे दक्षिणेकडच्या राज्यांत तिने झाडं, खांब, पडकी घरं सगळं गिळलं. आज ती दक्षिणेची खूण मानली जाते. गंमत पाहा : दक्षिणेच्या मातीची म्हणून जी खूण दाखवायची, तीच परदेशातून आणलेली! मुळांच्या बाबतीत असं वारंवार होतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. दुसऱ्या, म्हणजे १९८४ च्या 'रेकनिंग'चं मुखपृष्ठ हॉवर्ड फिन्स्टर यांच्या हातचं. हे जॉर्जियातले धर्मोपदेशक. सायकल दुरुस्त करता करता चित्रं काढायला लागले. कुठल्याही कलाशाळेत न गेलेला माणूस. या मुलांना तो आपल्याच परिसरात सापडला, आणि त्यांनी त्याला थट्टेचा विषय न करता सोबत घेतलं.

१९८५ चा 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन' तर या दृष्टीने फारच बोलका. दक्षिणेतली विक्षिप्त म्हातारी माणसं, आगगाड्या, ऐकीव गोष्टी यांनी भरलेला अल्बम. तो ध्वनिमुद्रित झाला लंडनमध्ये, जो बॉइड यांच्याबरोबर. बॉइड यांनी ब्रिटिश लोकसंगीताचा 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' हा बँड घडवलेला. घरापासून चार हजार मैलांवर, थंड पावसात, जॉर्जियाच्या गोष्टी. गाव सोडल्यावर गाव जास्त दिसतं, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

लॉस एंजेलिस : गुरू शोधणारे

आता पश्चिम किनाऱ्याकडे जाऊ. डाउनी या उपनगरातले फिल आणि डेव्ह अ‍ॅल्विन हे भाऊ. त्यांचा बँड 'द ब्लास्टर्स'. हे दोघे पोरवयात जुन्या ब्लूजच्या रेकॉर्ड गोळा करायचे. पुढे कळलं की यातली काही माणसं जिवंत आहेत, आणि याच शहरातल्या क्लबांत वाजवतात. मग हे दोघे तिथे जाऊन बसायला लागले. बिग जो टर्नरसारख्या दिग्गज गायकाशी त्यांची ओळख झाली. फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्ड यांच्या रेकॉर्डवर सॅक्सोफोन वाजवलेले ली अ‍ॅलन पुढे ब्लास्टर्सबरोबर वाजवायला लागले. आमच्या मते, मुळांशी वागायची ही सगळ्यात सरळ रीत आहे. रेकॉर्डवर नाव वाचलं, माणूस शोधला, त्याच्याजवळ बसून शिकलो, आणि मंचावर त्याला शेजारी उभं केलं. आपल्याकडे तालीम म्हणतात तसंच.

'द लाँग रायडर्स'चा किस्सा वेगळा. त्यांच्या इंग्रजी नावात 'आय'च्या जागी 'वाय' आहे, तो बर्ड्सना केलेला नमस्कार. त्यांचा सिड ग्रिफिन हा केंटकीहून आलेला. त्याचं दैवत ग्रॅम पार्सन्स. बर्ड्सच्या १९६८ मधल्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'ला कंट्रीचं वळण देणारा, आणि १९७३ मध्ये २६ व्या वर्षी गेलेला. ऐंशीच्या सुरुवातीला पार्सन्सचं नाव आजच्याइतकं घेतलं जात नव्हतं. ग्रिफिनने १९८५ मध्ये त्याच्यावर पुस्तकच प्रसिद्ध केलं. लाँग रायडर्सच्या १९८४ च्या 'नेटिव्ह सन्स'वर बर्ड्सच्या जीन क्लार्कने एका गाण्यात साथीला गायलं आहे. म्हणजे या बँडने नुसतं वाजवलं नाही, तर विसरलेल्या माणसांची नोंद ठेवायचं कामही केलं.

त्याच शहरातल्या 'एक्स' या नामांकित पंक बँडमधल्या काहींनी डेव्ह अ‍ॅल्विनला घेऊन 'द निटर्स' नावाने १९८५ मध्ये कंट्री आणि लोकगीतांचा एक अल्बम केला. 'ग्रीन ऑन रेड' हा अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनहून आलेला. त्यांचा १९८५ चा 'गॅस फूड लॉजिंग' म्हणजे हायवेवरच्या थकलेल्या माणसांची गाणी.

लॉस लोबोस : घरातलं संगीतसुद्धा शिकावं लागतं

इथे कुणी विचारेल, की हे सगळे दुकानातून मुळं घेणारे झाले, ज्यांच्या घरातच ती होती त्यांचं काय? फार चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर 'लॉस लोबोस' देतात.

पूर्व लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन वंशाची मुलं. एकाच शाळेच्या परिसरात वाढलेली, सगळी रॉक ऐकणारी आणि वाजवणारी. आई-वडिलांचं संगीत म्हणजे जुनाट, असंच त्यांनाही वाटायचं. १९७३ च्या सुमाराला त्यांनी कुतूहलाने ते वाजवून पाहिलं आणि लक्षात आलं, की हे दिसतं तेवढं सोपं नाही. मग जुन्या रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून, जराना, गितारोन, बाहो सेक्स्तो ही वाद्यं मिळवून ते शिकत बसले. लग्नकार्यात, रेस्तराँमध्ये काही वर्षं वाजवलं. घरातलंच संगीत, पण शिकले मात्र रेकॉर्डवरून आणि कष्टाने.

मग ते पंकच्या जगात गेले. १९८० मध्ये 'पब्लिक इमेज लिमिटेड'च्या कार्यक्रमाआधी ते पारंपरिक वाद्यं घेऊन मंचावर आले, आणि प्रेक्षकांनी वस्तू फेकून त्यांना पळवून लावलं. तरी ते त्या जगात टिकले, आणि त्यात ब्लास्टर्सचा मोठा हात होता. ब्लास्टर्सनी त्यांना आपल्या कार्यक्रमांत आधी वाजवायला घेतलं, दोघांची रेकॉर्ड कंपनी एक झाली, आणि ब्लास्टर्सचा सॅक्सोफोनवादक स्टीव्ह बर्लिन पुढे लॉस लोबोसमध्ये गेला. १९८४ चा त्यांचा 'हाउ विल द वुल्फ सर्व्हाइव्ह?' हा अल्बम या सगळ्या विषयातला आमच्या मते सगळ्यात पूर्ण अल्बम आहे. अ‍ॅकॉर्डियन आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच घरात नांदतात.

१९८७ मध्ये 'ला बांबा' चित्रपटासाठी त्यांनी गायलेलं शीर्षकगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. हे गाणं मूळचं मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचं लोकगीत; १९५८ मध्ये रिची व्हॅलेन्सने त्याचं रॉक केलं होतं. पहिला क्रमांक मिळाल्यावर कुठलीही कंपनी सांगेल, असंच आणखी एक करा. यांनी १९८८ मध्ये काय केलं? 'ला पिस्तोला इ एल कोरासोन'. संपूर्ण स्पॅनिश आणि पारंपरिक वाद्यांवरचा अल्बम. बाजाराच्या हिशेबाने वेडेपणा. त्यांच्या हिशेबाने मात्र फी भरायची राहिली होती, ती भरली.

दोन्ही घरचा पाहुणा

सगळ्यांचं असं भलं झालं नाही, हेही सांगायला हवं. जेसन रिंगेनबर्ग हा इलिनॉयमधल्या डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. १९८१ मध्ये नॅशव्हिलला आला आणि 'जेसन अँड द नॅशव्हिल स्कॉर्चर्स' उभा केला. कंट्रीच्या राजधानीत, कंट्रीची गाणी, पण पंकच्या आवाजात आणि वेगात. मोठ्या कंपनीने करार केला आणि नावातलं 'नॅशव्हिल' काढायला लावलं. १९८५ चा 'लॉस्ट अँड फाउंड' आजही अंगावर येतो. पण रॉक केंद्रांना ते फार कंट्री वाटायचे आणि कंट्री केंद्रांना फार रॉक. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत.

'लोन जस्टिस'च्या मारिया मकीचा आवाज ऐकून मोठमोठे लोक चकित झाले होते. १९८५ मध्ये गाजावाजा करून अल्बम आला, आणि अपेक्षेइतका खपला नाही. बँडचं मूळचं उघडं-वाघडं कंट्री मोठ्या स्टुडिओत घासून पुसून काढलं गेलं, असं तेव्हाही म्हणत होते आणि आज ऐकताना आम्हालाही तसंच वाटतं. लाँग रायडर्सनी १९८६ च्या सुमाराला एका बिअरची जाहिरात केली. त्यांच्याच चाहत्यांनी त्यांना धारेवर धरलं, आणि १९८७ मध्ये बँड फुटला. मुळांचं संगीत वाजवणाऱ्याकडून लोक जरा जास्तच सोवळेपणाची अपेक्षा ठेवतात. पोट मात्र त्यालाही असतंच.

कोणाची मुळं?

आता एक अवघड गोष्ट, जी टाळली तर हे व्याख्यान अर्धवट राहील. ही यादी पाहा. लॉस लोबोस सोडले तर जवळजवळ सगळे गोरे. आणि ज्या संगीताला मुळं म्हणतोय त्यातलं निम्म्याहून अधिक काळ्या माणसांनी घडवलेलं. ब्लूज आणि गॉस्पेल तर उघडच. पण कंट्रीची खूण मानला जाणारा बँजोसुद्धा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या हातून आला. स्टील गिटार हवाई बेटांवरून. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनीच वेगवेगळ्या याद्या केल्या : काळ्या गिऱ्हाइकांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठी 'हिलबिली'. वाजवणारे एकमेकांकडून शिकत होते, दुकानातलं कपाट मात्र वेगळं. साठ वर्षांनी या मुलांनी मुळं शोधली ती त्याच कपाटांतून.

आणि त्याच काळात न्यू यॉर्कमध्ये काळी मुलं काय करत होती? आई-वडिलांच्या जेम्स ब्राउनच्या रेकॉर्ड काढून त्यातले ठेके वेगळे करत होती, त्यावर नवं काव्य रचत होती. हिप-हॉप. जुन्या रेकॉर्डच्या ढिगात बसून आपला वारसा शोधणं, हेच कामही. पण त्याला कुणी 'रूट्स' म्हटलं नाही. तो शब्द गिटारवाल्यांच्या वाट्याला आला. या बँडची गाणी चांगली आहेत, त्यांचं प्रेमही खरं आहे. तरीही 'मुळं' हा मान कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हे विचारत राहिलं पाहिजे.

पुढे काय झालं?

१९८७ मध्ये आर.ई.एम.चं एक गाणं पहिल्या दहात आलं. १९८८ मध्ये ते वॉर्नर ब्रदर्सकडे गेले. त्याच वर्षी बिलबोर्डने 'मॉडर्न रॉक'ची वेगळी यादी सुरू केली, म्हणजे कॉलेजच्या संगीताला बाजारात दुकान मिळालं. १९९१ मध्ये आर.ई.एम.चं सर्वात गाजलेलं गाणं आलं, आणि त्यातलं मुख्य वाद्य कुठलं? मँडोलिन! बकने ते वाद्य घरी शिकता शिकता ती चाल बांधली होती.

१९९३ मध्ये निर्वाणाने एमटीव्हीवर तो प्रसिद्ध विनाविद्युत कार्यक्रम केला. त्यात त्यांनी अ‍ॅरिझोनाच्या 'मीट पपेट्स'ची तीन गाणी गायली, त्यांनाच मंचावर बोलावून. आणि शेवट लेड बेलीने गाजवलेल्या जुन्या लोकगीताने केला. १९८४ मध्ये पंक आणि कंट्रीचा विचित्र मिलाफ करणारा 'मीट पपेट्स टू' तोवर मुख्यतः कॉलेज रेडिओवाल्यांनाच ठाऊक होता.

आणि इलिनॉयच्या बेलव्हिलमधली तीन मुलं, 'अंकल टुपेलो'. १९९० च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव 'नो डिप्रेशन', कार्टर कुटुंबाने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावरून. १९९२ मध्ये पीटर बकने त्यांना अथेन्सला नेऊन पाच दिवसांत एक अल्बम करून दिला; त्याचं नावच त्या पाच दिवसांच्या तारखा. बरीच पारंपरिक गाणी, लाकडी वाद्यं. दुकानातल्या विक्रेत्याने पुढच्या पिढीच्या हातात रेकॉर्ड ठेवावी, तसं ते झालं. १९९५ मध्ये 'नो डिप्रेशन' याच नावाचं नियतकालिक निघालं आणि या प्रवाहाला 'ऑल्ट-कंट्री' हे नाव रूढ झालं.

आता तुम्ही म्हणाल, कार्टर कुटुंब म्हणजे तरी अस्सल मूळ ना? १९२७ मध्ये ब्रिस्टलला त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं, तिथून कंट्रीचा इतिहास मोजतात. पण ए. पी. कार्टर ही गाणी गोळा कुठून करायचे? डोंगरातल्या वाड्यावस्त्या फिरून. आणि त्या फिरस्तीत त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचे काळे गिटारवादक असायचे. कार्टर शब्द लिहून घ्यायचे, रिडल चाल लक्षात ठेवायचे. गाण्यांवर नाव लागलं कार्टर यांचं. म्हणजे मुळाशी जाऊन पाहावं तर तिथेही दोन माणसं गाणी शोधत फिरताना दिसतात, आणि त्यातल्या एकाचं नाव पुसट झालेलं असतं.

जागा वाचवायची की नाही?

शेवटचा मुद्दा. २०११ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने विद्यार्थी चालवत असलेली केटीआरयू केंद्राची लहर विकली. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डब्ल्यूआरव्हीयूचा एफएमवरचा आवाज बंद झाला. २०१४ मध्ये अटलांटाच्या डब्ल्यूआरएएस या केंद्राचे दिवसाचे तास विद्यार्थ्यांकडून काढून सरकारी प्रसारण संस्थेला दिले गेले. प्रत्येक वेळी युक्तिवाद साधारण एकच : आता रेडिओ कोण ऐकतं, मुलांनी इंटरनेटवर प्रसारण करावं.

युक्तिवाद खोटा नाही. गाणी आज पूर्वीपेक्षा सहज मिळतात. आज आपण जी नावं घेतली त्यातली बहुतेक दोन मिनिटांत मोबाइलवर वाजवता येतील. पण मोबाइल आपल्याला आपण ऐकलं त्याच्यासारखंच पुढे काढून देतो. पंकच्या मागे बँजो लावायचं त्याला काही कारण नाही. ते कारण त्या रात्री दोनच्या पाळीवरच्या मुलाकडे होतं : त्याला स्वतःला ते दोन्ही आवडत होतं, आणि त्याला अडवणारं कुणी नव्हतं. चुकायची मुभा असलेली अशी जागा गावात असणं, आणि ती चुकून कुणीही लावलेली लहर असणं, याची किंमत परवाना विकताना धरली जात नाही. आपल्याकडेही विद्यापीठांची रेडिओ केंद्रं आहेत. तिथे गाणी कोण निवडतं, हे एकदा जाऊन विचारायला हरकत नाही.

घरी गेल्यावर ऐकायचं असेल तर या क्रमाने ऐका : 'मर्मर', मग 'नेटिव्ह सन्स', मग 'लॉस्ट अँड फाउंड', मग 'हाउ विल द वुल्फ सर्व्हाइव्ह?', आणि शेवटी अंकल टुपेलोचा पाच दिवसांतला अल्बम. प्रत्येकानंतर, त्यांनी ज्याच्याकडून घेतलं त्याचं एक तरी गाणं शोधून लावा. बर्ड्स, हँक विल्यम्स, बिग जो टर्नर, कार्टर कुटुंब. लेस्ली रिडल यांनी उतारवयात केलेली ध्वनिमुद्रणंही आहेत. तिथपर्यंत पोचलात तर उत्तमच.